सईच्या डोक्यावरची शपथ

शेळगावच्या हिंदुरावांनी बिडी सोडून आज अकरा दिवस झाले होते, आणि अकराही दिवस हा माणूस भेदरलेला होता. दोन ट्रॉल्या ऊस मागे लावून चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, तरी ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो पानात गुंडाळलेल्या चिमूटभर तंबाखूला भ्यायला लागला होता. ऐकणाऱ्याला हसू येईल. हिंदुरावांना येत नव्हतं.

कारण त्यांनी शपथ घेतली होती, आणि ती स्वतःची नव्हती.

झालं असं की, थंडीत खोकला बळावला आणि एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडात धरून बघितला आणि सरळ सांगितलं, "अजून वेळ गेलेली नाही. पण बिडी आजपासून बंद. बंद म्हणजे बंद." मग जरा मवाळ होऊन त्यांनी युक्तीही दिली. तल्लफ आली की घड्याळ बघायचं, पाणी प्यायचं, काहीतरी चघळायचं आणि पाच मिनिटं काढायची. तेवढ्यात ती आपली आपण उतरते. हिंदुरावांनी मुकाट मान डोलावली. आजवर तीनदा त्यांनी बिडी सोडली होती आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत पुन्हा पेटवली होती, हे डॉक्टरांना सांगतं कोण?

ते जाणणारी घरातच होती. त्यांची आई ठमाबाई, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत चालणारी पण आवाजाने अजून खणखणीत. त्याच संध्याकाळी ती देवापुढची भंडाऱ्याची वाटी घेऊन सोप्यात आली. हिंदुरावांची नात सई, सात वर्षांची, तिथं गृहपाठ करत बसली होती. म्हातारीने तिच्या कपाळाला भंडारा लावला, लेकाचा उजवा हात धरला आणि पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"म्हण, बिडी वढली तर हिची शपथ."

"आई, पोरीला कशाला मधी घेतीस? माझी घे की."

"तुझी तीनदा घिऊन झाली. काय झालं तुला? काय न्हाय. आता हिची म्हण."

सून स्वरूपा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हे मुळीच आवडलेलं नव्हतं, चेहराच सांगत होता. पण नवरा सौरभ पुण्याला नोकरीला, आणि आजेसासूपुढं तोंड उघडायची घरात पद्धत नव्हती. हिंदुरावांनी शपथ म्हटली. हाताखाली सईचे तेल लावलेले केस होते, आणि ती मान वर करून टकामका त्यांच्याकडे बघत होती.

तेव्हापासून खिशात बिडीच्या बंडलाच्या जागी फुटाण्यांची पुडी आली. पण हाताला कोण समजावणार? चहा झाला की हात खिशाकडे. ट्रॅक्टरवरून खाली उतरलं की हात खिशाकडे. फुटाणे लागले की हिंदुराव दचकायचे, जणू कुणीतरी मनगट धरलं. तल्लफ यायची ती आधी घशात, मग बोटांत, मग डोक्यात, आणि डोक्यात आली की त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेनासा व्हायचा. डोळ्यांपुढं सईचं भंडारा लावलेलं कपाळ यायचं आणि अंगाला घाम फुटायचा. मग घड्याळ बघत, आपल्याच ट्रॉलीतलं उसाचं कांडं ओढून दातानं सोलत, पाच मिनिटं काढायची. दिवसाला अशा दहा-बारा खेपा.

एक मात्र गोड झालं होतं. संध्याकाळी ते घरी आले की सई धावत यायची, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी धरायची आणि बोटं आपल्या नाकागालावर घासायची. पूर्वी असं करत नव्हती. "बिडीचा वास गेला म्हणून पोरगी जवळ यायला लागली," असं हिंदुराव कौतुकानं सांगायचे. ती मात्र लगेच पुन्हा पुस्तकापाशी जाऊन बसायची.

अकराव्या दिवशी ते भवानीनगरला कारखान्याच्या यार्डात होते. ऊस आणला की इथं रांगेत उभं राहायचं, पुढचा हलला की आपण हलायचं, काट्यावर वजन होईपर्यंत तास किती जातील त्याचा नेम नाही. माणसाला बिडी लागते ती इथंच. ट्रॅक्टरवाल्यांच्या गाण्यांचा गोंगाट, उसाचा आंबूस वास, डोक्यावर ऊन, आणि करायला काही नाही. हिंदुरावांच्या पुढं झुंबरचा ट्रॅक्टर होता. झुंबर त्यांचा वीस वर्षांचा रांगेतला सोबती. तो बिचारा अकरा दिवस लांब जाऊन ओढत होता, पण आज उन्हाला कंटाळून त्यानं ट्रॉलीच्या सावलीतच पेटवली.

एक वाजायला आला होता. तेवढ्यात रांग हलली, मागून हॉर्न वाजले.

"हिंदुराव, धरा जरा," म्हणून झुंबरनं जळती बिडी त्यांच्या हातात दिली आणि उडी मारून ट्रॅक्टरवर चढला.

आता बिडीचं असं असतं की ती सिगारेटीसारखी आपल्या आपण जळत नाही. ओढली नाही की विझते. म्हणून यार्डात रीत अशी, की सोबत्यानं बिडी धरायला दिली तर ती जिती ठेवून परत द्यायची. वीस वर्षांत हिंदुरावांनी झुंबरच्या आणि झुंबरनं हिंदुरावांच्या किती बिड्या अशा जित्या ठेवल्या असतील, मोजदाद नाही. त्या दिवशीही निखारा मंद व्हायला लागला, हात तोंडाशी गेला, आणि हिंदुरावांनी झुरका घेतला. मग दुसरा. तिसरा झुरका छातीत उतरला, सगळं अंग सैल झालं, किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि त्या बरं वाटण्यानंच त्यांना जागं केलं.

त्यांनी हाताकडे बघितलं. बिडी फेकली, चपलेनं चिरडली, आणि ट्रॉलीला धरून तसेच उभे राहिले. तोंडातून अजून धूर येत होता.

खिशातला फोन वाजला. स्वरूपा.

"आबा, सईला बारामतीला आणलंय. शाळंत चक्कर यिऊन पडली. सलाईन लावलंय. तुमी या."

पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. झुंबर परत आला तेव्हा हिंदुरावांचा चेहरा बघून त्याला वाटलं, यांनाच काहीतरी झालं.

"माझी सई," एवढंच ते म्हणाले. "मी मारली तिला."

झुंबरला अर्थ कळला नाही, पण वेळ कळली. "ट्रॅक्टर मी सरकवतो, तुमी जावा," म्हणत त्यानं चहाच्या टपरीवाल्या भीमाच्या मोटारसायकलची किल्ली आणून त्यांच्या हातात कोंबली.

भवानीनगर ते बारामती हा रस्ता हिंदुरावांना डोळे मिटून पाठ होता. आज तो संपत नव्हता. तीन झुरके. एकेका झुरक्याला पोरीचं काय काय गेलं असेल? ते मोठ्यानं बोलत होते, "देवा, माझं काय करायचं ते कर, तिनं काय केलंय?" समोरून येणारे वळून बघत होते. आणि मग एक भयंकर गोष्ट झाली. जीव असा टांगणीला लागलेला असताना, नात दवाखान्यात पडलेली असताना, घशात पुन्हा तीच ओढ उठली. बिडी पाहिजे होती. आत्ता, इथं, थांबून. आयुष्यात हिंदुराव कशाला भ्याले नसतील इतके त्या क्षणी स्वतःला भ्याले.

कालव्याच्या पुलाजवळ एका हॉटेलपुढं पाण्याची टाकी दिसली. ते थांबले. खळाखळा चुळा भरल्या, साबणाची वडी घेऊन बोटं घासघासून धुतली. धुता धुता मनात आलं, पोर तिकडं पडलीय आणि मी इथं वास घालवत बसलोय. लाज वाटली. तरी पुन्हा एकदा साबण लावलाच.

लहान मुलांच्या दवाखान्यात बाकावर ठमाबाई काठीवर कपाळ टेकून बसली होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून नातसुनेबरोबर आली होती. स्वरूपा उठून पुढं आली.

"बरी हाय आता. शुद्धीवर हाय."

"कवा झालं?" हिंदुरावांना धाप लागली होती.

"अकराला. प्रार्थनेला हुबी हुती. आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. तुमी ट्रॅक्टर चालवत असाल म्हणून लगेच फोन केला न्हाय."

अकराला! बिडी एकला, चक्कर अकराला. हिंदुराव मटकन बाकावर बसले. म्हणजे आपल्या झुरक्यानं नाही झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते त्यांनी टोपीनं पुसलं. जीव एवढा सुटल्यासारखं त्यांना अकरा दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आजार काही नाही. पोटात अन्नच नाहीये तिच्या. आठ-दहा दिवस नीट जेवलेली दिसत नाही. घरात भांडणं आहेत का? मूल कशाला तरी खूप घाबरलंय."

"डबा तर रिकामा यायचा. रातीला म्हणायची, भूक न्हाय," स्वरूपा पुटपुटली.

हिंदुराव आत गेले. पांढऱ्या चादरीवर सई आणखीच एवढीशी दिसत होती. त्यांना बघताच तिनं मोकळा हात पुढं केला, त्यांचा उजवा हात धरला आणि बोटं नाकाशी नेली. रोजच्यासारखीच. फक्त आज ती थांबली, पुन्हा हुंगली, आणि तिचा चेहरा उतरला.

"साबणाचा वास येतोय," ती म्हणाली. "आबा, तुमी वढली?"

आता हिंदुरावांना कळलं. पोर रोज माया करत नव्हती. तपासत होती. अकरा दिवस, रोज संध्याकाळी, आपण अजून जगणार का, ते या बोटांना हुंगून बघत होती. आणि ते स्वतः गावभर कौतुक सांगत हिंडत होते.

"मी मरणार हाय का?" सईनं अगदी हळू विचारलं.

नाही म्हणून टाकावं, ओढली नाही म्हणावं, असं ओठावर आलं होतं. पण उद्या ती पुन्हा हुंगणार. परवाही. हिंदुरावांनी स्टूल जवळ ओढलं.

"वढली. झुंबरची धरली हुती, हातानं तोंडाला नेली. तीन झुरकं. पण किती वाजता? एक वाजता. आन तू पडलीस कवा? अकराला. मग माझ्या बिडीनं तू कशी पडशील? दोन तास आधी? सांग बरं."

सईनं विचार केला. हिशोब तिला पटला, पण डोळ्यांतली भीती गेली नाही. "पण पणजीनं भंडारा लावलाय," ती म्हणाली.

हिंदुराव उठले. दारात ठमाबाई येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, शपथ सुटली म्हण."

म्हातारीनं मान हलवली. "न्हाय म्हणायची. सोडली की उद्या तू बंडल घेणार. तुझा बाप असाच खोकत खोकत माझ्या मांडीवर गेला. आता तुला बी बघू व्हय? मला भ्या वाटतंय रं, हिंदू." तिचा खणखणीत आवाज फुटला. "म्हणून पोरीची घातली. दुसरं काय हाय माझ्या हातात?"

हिंदुरावांनी आईला असं कधी बघितलं नव्हतं. तिचंही तेच होतं तर. घरातली तीन माणसं अकरा दिवस एकाच गोष्टीला भीत होती, एकमेकांना न सांगता.

"मी घेईन का न घेईन, माझं मलाच ठाव न्हाय," ते म्हणाले. "पण ते माझ्या डोक्यावर असू दे. तिच्या डोक्यावरनं काढ."

म्हातारीनं सईकडे बघितलं. मग काठी भिंतीला टेकवून पुढं आली, कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर सईच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "सुटली. सुटली. सुटली."

"खरंच?" सईनं विचारलं.

"देवाच्या भंडाऱ्यानं घातली, देवाच्याच भंडाऱ्यानं सोडली. आता जेव."

स्वरूपानं वरणभात आणला. सईनं चार घास खाल्ले, मग आणखी चार. स्वरूपा भरवत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. हिंदुराव स्टुलावर बसून बघत होते. आणि नेमकी तेव्हा, सगळं निवलं असताना, तल्लफ आली.

खिडकीतून समोरची पानटपरी दिसत होती. वीस पावलं. आजवर मध्ये पोरीचं कपाळ आडवं होतं, आता काही नव्हतं. दरवाजा सताड उघडा. त्यांनी खिशातले फुटाणे मुठीत घट्ट धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

"आबा, काय बघताय?"

"घड्याळ. पाच मिन्टं काढायची हायती."

"मग काय हुतं?"

"जाती. मग परत येती. मग परत पाच काढायची." त्यांनी फुटाण्यांची मूठ आणखी आवळली. "मला लई भ्या वाटतंय, सई."

सई त्यांच्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसानं असं म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. मग सलाईन नसलेला हात तिनं वर केला आणि त्यांची टोपी बाजूला सारून डोक्यावर ठेवला. ठमाबाई एकदम पुढं झाली, "अगं, काय करतीस?"

"शपथ न्हाय," सई म्हणाली. "नुसताच ठेवलाय."

हिंदुराव हलले नाहीत. घड्याळात अजून तीन मिनिटं बाकी होती.