अर्जदाराची खुर्ची

मित्रांनो, मी लाकडी हातांची, हिरव्या रेक्झिनची एक जुनी खुर्ची आहे. माझी पुढची कड जास्त झिजली आहे आणि पाठ अजून बरी आहे, कारण माझ्यावर बसलेली माणसे सहसा टेकून बसत नसत.

एका सुताराने आम्हा बारा जणींचा संच केला. अकरा जणी कारकुनांकडे गेल्या. मी बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागात, अर्ज तपासणाऱ्या मोठ्या बाईंच्या टेबलासमोर लागले. कार्ड हवे असलेला माणूस मांडीवर फाइल घेऊन माझ्या पुढच्या कडेवर बसे. बाई अर्ज वाचत, मग माणसाकडे पाहत, मग पुन्हा अर्ज वाचत. एकदा एका माणसाने उत्पन्न फुगवून लिहिले होते. बाईंनी फक्त चष्मा काढला, आणि त्याने स्वतःहून आकडा खोडला. उत्तर यायला तीन आठवडे लागत. लोक कंटाळत, चिडत. ते दिवस फार सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही.

पुढे अर्ज फोनवर गेले. माझ्यावर दिवसदिवस कुणी बसेना. माझ्यावर जुन्या फाइलींचा ढीग चढला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा बँकेने जुने सामान विकायला काढले होते. बाईंनी मला विकत घेतले आणि घरी सुनेच्या शिवणयंत्रासमोर ठेवले.

सून दुपारभर माझ्यावर बसून शिवते. गेल्या महिन्यात तिला एका इस्पितळाकडून चाळीस गणवेशांचे काम मिळाले. कापडवाला आधी पैसे मागत होता, इस्पितळ महिन्याने देणार होते. शनिवारपर्यंत कापड घेतले नाही, तर काम दुसरीकडे जाणार होते. मधला महिना कार्डावर निघाला असता. म्हणून तिने फोनवर जाहिरात पाहून अर्ज भरला.

"आई, दोन मिनिटांत मंजुरी म्हणे! मला तर अर्ध्या मिनिटात हाकललं."

"काय लिहिलंस?"

"खरं तेच. गृहिणी. उत्पन्न शून्य."

बाईंनी निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली. "मग हे दोन वर्षं यंत्र कोण खडखडवतंय? मांजर?"

"ते होय! ते आपलं घरातल्या घरात. त्याला काय उत्पन्न म्हणायचं?"

एवढे बोलून ती दुसऱ्या जाहिरातीवर बोट टेकवणार, तोच बाईंनी तिचे मनगट धरले. "थांब गं. प्रत्येक अर्जाची नोंद राहते. एका दिवसात चार ठिकाणी हात पसरलेस, तर पाचवा म्हणेल, हिची काहीतरी अडचण दिसते. इस्पितळाचे पैसे कुठे येतात?"

"माझ्याच खात्यात."

"मग खात्याचा उतारा काढ."

सासू-सुना संध्याकाळपर्यंत बेरीज करत बसल्या. धागा, बटणे, वीज वजा केली. महिन्याला निघालेला आकडा पाहून बाई म्हणाल्या, "अगं, हे माझ्या पेन्शनपेक्षा जास्त आहे! उद्यापासून मेथी तू निवड."

सून हसली, आणि मग हसायची थांबली. तो आकडा ती बराच वेळ पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने जिथे खाते होते त्याच बँकेत अर्ज केला. व्यवसायाच्या रकान्यापाशी बोट अडले. मग तिने एकेक अक्षर लिहिले, शिवणकाम. उत्पन्नाचा आकडा लिहिला. उतारा जोडला. बटण दाबल्यावर मिनिटभरात मंजुरी आली. मर्यादा तीस गणवेशांच्या कापडापुरती होती.

"उरलेले दहा गणवेश नंतर देते म्हणून इस्पितळाला कळव," बाई म्हणाल्या. "आणि हे मिळालेले पैसे नव्हेत, महिन्याचे उसने आहेत. इस्पितळाचा चेक आला की आधी कार्डाचं पूर्ण बिल." शुक्रवारी कापड आले.

मित्रांनो, फोन तुमच्याकडे चष्मा काढून पाहणार नाही. तुम्ही लिहाल तेच तो खरे मानेल. म्हणून बटण दाबण्याआधी घडीभर बसा, आपल्या खात्याची बेरीज करा. आकडा फुगवू नका. पण तुमच्या घरात कुणी दिवसभर राबत असेल, तर तिच्या नावापुढे शून्यही लिहू देऊ नका.