रंध्याखाली शिकलेली भाषा

मित्रांनो, उंचवटा दिसला की तो उतरवायचा, एवढे एकच काम शिकलेला मी एक जुना रंधा. अंग लाकडाचे, पोटात पोलादी पाते आणि पाते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर, एवढाच माझा संसार. मला अण्णांनी घडवले. अण्णा म्हणजे आमच्या सुतारखान्याचे मालक, आणि कामगारही तेच. एका मोठ्या दाराची चौकट करून उरलेला तुकडा फेकायला त्यांचे मन होईना. त्यातून मी जन्मलो. माझी पाठ त्यांनी स्वतःच्या तळहाताला जुळेल अशी घासली होती.

तरुणपणी मी खूप राबलो. शाळेचे बाक, दवाखान्याची कपाटे, खिडक्यांच्या झडपा, काय म्हणाल ते. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी नव्या टेबलावर चक्क गाल टेकवून पाहिला आणि म्हणाल्या, "झोप येईल हो इथे." लाकडाच्या अंगावरही मूठभर मांस चढू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे अण्णांचे हात थरथरू लागले आणि मी त्यांच्या मुलाकडे गेलो. मुलगा हाताचा फार चांगला, पण घुम्या. त्यातच विजेचा रंधा आला. तो गुरगुरायचा, धुरळा उडवायचा आणि माझे दिवसभराचे काम चहा निवायच्या आत उरकायचा. माझी रवानगी फळीवर झाली. पात्यावर गंज चढला, पाचर सैल झाली. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, माझ्यावरून सावकाश सरकायची आणि निघून जायची. त्या उबेत मला स्वप्ने पडत. स्वप्नात लाकूड पाण्यासारखे मऊ असे आणि मी त्यावरून तरंगत कुठेतरी लांब चाललेला असे.

अशाच एका तंद्रीत मी पहिल्यांदा 'गुण' हा शब्द ऐकला. सून कामाच्या बाकावर कागद पसरून नवऱ्याला समजावत होती. दूरच्या एका देशाला कुशल कारागीर हवे होते. पण तो देश माणूस आधी मोजून घेई. वयाचे गुण, अनुभवाचे गुण, हातातल्या कलेचे गुण, तिथल्या भाषेचे गुण. बेरीज पुरेशी झाली तर बायकोपोराला घेऊन जायची परवानगी, नाहीतर राम राम.

"कामाचे पैकीच्या पैकी मिळालेत," सून म्हणाली. परीक्षकाने फोनच्या पडद्यावरून त्याला लाकडाचा सांधा करताना पाहिले होते. "भाषेत वाचणं झालं, लिहिणं झालं, ऐकणंही झालं. बोलण्यात मात्र तुम्ही आपटलात. आणि पुढच्या वाढदिवसाला वयाचे गुण कमी होतात. मग बेरीजच बसत नाही."

वय वाढले की किंमत वाढते, अशी आम्हा अवजारांची समजूत. तिकडे उलटा हिशेब होता.

"उत्तरं येत होती मला," मुलगा पुटपुटला. "तो सारखा म्हणे, ऐकू येत नाही."

"घ्या. मला तरी कुठे आलं आता?" सून म्हणाली.

दाराशी खुर्ची टाकून बसलेले अण्णा हसू लागले. "अगं सूनबाई, त्याच्या तोंडात स्क्रू आहेत."

खरेच होते. आमच्या धंद्यात दोन्ही हात अडकलेले, म्हणून स्क्रू आणि खिळे ओठांत धरायचे. मुलगा मिसरूड फुटायच्या आधीपासून तेच करत आलेला. बोलायचे झाले तर ओठांच्या कोपऱ्यातून, दात मिटून. परीक्षेच्या खोलीत तोंडात एकही स्क्रू नव्हता, तरी तोंड आपले अळीमिळी गुपचिळी.

अण्णा उठले. थरथरत्या हातांनी त्यांनी मला फळीवरून खाली काढले, फुंकर मारली आणि मुलापुढे ठेवले. "रंधा मारताना तोंड रिकामं असतं. शिवाय ते यंत्र बोलू देत नाही, हा देतो. मार आणि बोल. मला इथे दारात ऐकू आलं, तर तुझ्या परीक्षकालाही येईल."

माझे पाते परजले गेले. पाचर ठोकली गेली. आणि मित्रांनो, मी पुन्हा धावू लागलो. माझ्या प्रत्येक झेपेबरोबर एक परके वाक्य बाहेर पडे. कुरळ्या ढलप्या निघत, त्यांच्या वेटोळ्यांत ते शब्द गुंडाळले जात आणि जमिनीवर साचत. मला ती भाषा येत नव्हती, पण तिच्यावरून घसरताना मला रस्ते दिसत. ओले, रुंद, दुतर्फा लाकडी घरे असलेले. पडदे हलत, आत कुणीतरी शीळ घालत असे. लाकूड खरेच पाण्यासारखे लागे आणि मला कळेना, मी जागा आहे की फळीवरच झोपलो आहे.

"शब्द खाल्लास," दारातून अण्णांचा आवाज येई. त्यांना त्या भाषेतले ओ की ठो कळत नव्हते, पण खाल्लेला शब्द बरोबर कळे. "पुन्हा."

मुलगा पुन्हा म्हणे.

"आता काय म्हणालास?"

"म्हणालो, घराला मोठी खिडकी हवी. सगळ्यांना बाहेरचं दिसेल अशी."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

मुलगा पाते तपासू लागला. पात्याला काही झाले नव्हते.

कारण त्या मोजणीत म्हाताऱ्या बापाला जागाच नव्हती. हे सुनेला ठाऊक होते, मुलाला ठाऊक होते. अण्णांना मात्र त्याने सांगितले होते, 'सगळ्यांचंच जमेल, बघू.' माझ्यावरचा त्याचा हात दर वेळी अण्णांच्या त्या प्रश्नाला जड व्हायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. बाप एकेक शब्द घासूनपुसून देत होता आणि त्याच शब्दांनी मुलगा लांब जाणार होता.

परीक्षा पुन्हा झाली. निकाल आला, तोही वाढदिवसाच्या अलीकडे. सून कागद घेऊन धावत आली, हसता हसता रडली आणि पोराला घ्यायला शाळेत गेली. सुतारखान्यात आम्ही तिघेच उरलो.

मुलाने मला बाजूला ठेवले. तो बापासमोर जाऊन उभा राहिला आणि आपल्याच भाषेत, तोंड उघडून, एकही शब्द न खाता बोलला, "अण्णा, तुम्हाला नेता येणार नाही. ते आईवडील धरत नाहीत."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "सूनबाई कागद वाचत होती तेव्हा आईबापाचं नाव आलं नाही. तेव्हाच कळलं."

"मग शिकवलंत कशाला?"

"तू अडखळत होतास म्हणून." अण्णांनी त्याच्या सदऱ्यावरची एक ढलपी काढली. "पण तू आधी सांगितलं असतंस ना, तर रोज संध्याकाळी खिडक्यांबद्दल बोलत बसलो नसतो आपण. दुसरं काही बोललो असतो."

मुलगा खाली बसला आणि त्याने बापाच्या गुडघ्यावर डोके ठेवले. मी इतकी वर्षे त्याच्याजवळ होतो, पण तो रडतो कसा हे मला तेव्हा समजले.

पोराला घेऊन मुलगा आणि सून परदेशी गेले. विजेचा रंधा विकला गेला. मी राहिलो, अण्णांनी मला ठेवून घेतले. आता ते रोज एखादी फळी बाकावर घेतात. हात थरथरतात, ढलपी मध्येच तुटते, काम काही पुढे सरकत नाही. पण रंधा मारता मारता ते बोलत राहतात. आज काय जेवलो, पाय कुठे दुखतो, तू लहानपणी किती हट्टी होतास, तुझी आई तुझ्यावर कशी चिडायची. त्या दिवसांत रोज संध्याकाळी बोलायचे राहून गेलेले सगळे, मोठ्याने, रिकाम्या दाराकडे बघत.

मित्रांनो, अवजाराला अधूनमधून तेल द्या, पात्याला ओल लागू देऊ नका, एवढे तर मी सांगेनच. पण तुमच्या गल्लीत एखादे म्हातारे माणूस काम करता करता एकटेच बोलताना दिसले, तर त्याला वेड लागले असे समजून पुढे जाऊ नका. दारात जरा उभे राहा. मी ऐकतो आहे, पण मला 'हं' म्हणता येत नाही.