पाचवा दिवा

पंपघरातल्या राउटरला चार दिवे होते. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी त्यावर जे आठ पानी परिपत्रक काढलं होतं, त्यात पाच दिव्यांचं वर्णन होतं. ऑपरेटरबाईंनी ही तफावत नम्रपणे कळवली, तेव्हा उलट टपाली उत्तर आलं: पाचवा दिवा शोधून त्याचा रंग कळवावा.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना चारच पुरून उरत होते. पहिला विजेचा, दुसरा आतल्या सिमकार्डाचा, तिसरा टॉवरशी बोलणं चाललंय की नाही ते सांगणारा आणि चौथा इंटरनेटचा. पहिले दोघे सुस्वभावी, कायम हिरवे. उच्छाद मांडला होता तो तिसऱ्याने. आठवड्यातून एकदा तरी तो लाल व्हायचा, की चौथ्याने लगेच डोळे मिटलेच. लाल का होतो, हे कळायला इंजिनिअर लागत नव्हता. अँटेना पंपाच्या लोखंडी कपाटामागच्या कोनाड्यात बसवली होती, कारण नकाशात ती तिथे होती. चांगली दोन-तीन हात वायर शेजारी गुंडाळून पडली होती. अँटेना खिडकीत टांगली की काम फत्ते. पण यंत्रसामग्रीला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असं परिपत्रकाच्या सातव्या पानावर ठळक छापलं होतं.

खरी गंमत पुढे होती. रोज सकाळी दहाला या दिव्यांचा फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवायचा असे, आणि तो जायचा याच राउटरवरून. तिसरा दिवा लाल असला की फोटो जायचाच नाही. त्यामुळे कार्यालयात या पंपघराचे दोनशे फोटो जमा होते, दोनशेच्या दोनशे हिरवेगार. न आलेल्या फोटोंसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. मीटिंगमध्ये साहेब हे फोटो पडद्यावर दाखवून बाकीच्या पंपघरांना लाजवत असत.

हजेरीचं यंत्रही याच राउटरला जोडलेलं. दुपारी बाराला हजेरी बंद होईपर्यंत दिवा लालच राहिला, तर त्या दिवशी बाई आठाच्या ठोक्याला यायच्या, अंगठा लावायच्या, पंप सुरू करायच्या, अख्ख्या वस्तीला पाणी सोडायच्या आणि कागदोपत्री गैरहजर राहायच्या. अशा अकरा गैरहजेऱ्या साठल्या होत्या. बारावी लागली की नोकरी गेली.

“मग त्या अकरा दिवसांत मी दिलेला डबा कोणी खाल्ला?” सासूबाईंनी विचारलं. त्यांनी कधी नोकरी केली नव्हती, त्यामुळे त्यांना असे सरळ प्रश्न पडत.

बाईंनी अर्ज केला. उत्तर आलं, की आपल्याकडून आलेले सर्व फोटो हिरवे आहेत, सबब तक्रारीत तथ्य नाही. मग त्या लाल दिव्याचा फोटो छापून स्वतः कार्यालयात घेऊन गेल्या. तिथे त्यांना सांगण्यात आलं, की हा फोटो कालचा आहे, त्यावरून आजचं काही कळत नाही.

शेवटी साहेब जातीने चौकशीला आले. अकरा वाजले होते. दिवा लाल होता. बाईंनी सकाळपासून पाचदा अंगठा लावून पाहिला होता आणि बाराला हजेरी बंद होणार होती. राखणदार काकांनी खुर्ची पुसून दिली, पण साहेब उभ्यानेच चष्मा कपाळावर चढवून राउटर न्याहाळू लागले.

“तक्रार कशाची आहे तेच मला कळत नाही, बाई. लाल पेटलाय म्हणजे दिवा चालू आहे. बिघडला असता तर पेटलाच नसता.”

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर साहेबांनी अर्धा तास दिव्यांचं शास्त्र समजावलं, जणू स्वतःच्या मुलांची कौतुकं सांगावीत तसं. मग निघताना दौऱ्याची हजेरी म्हणून स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकला. यंत्र ढिम्म. त्यांनी अंगठा रुमालाने पुसला. काकांच्या साबणाने धुतला. मग डावा लावून पाहिला.

“म्हणजे मी आज कामावर नाही?”

“कागदोपत्री नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “होते सवय.”

आठ पानं लिहून जो अर्थ साहेबांच्या हाती लागला नव्हता, तो आता डोक्यात लख्ख शिरला. ती अँटेना तिथून काढा आणि खिडकीत टांगा, असं त्यांनी काकांना फर्मावलं. काका हातोडी घेऊन निघाले. बाईंनी त्यांना हातानेच थोपवलं.

“सातवं पान, साहेब. लेखी परवानगी.”

बाराला चौदा मिनिटं कमी होती. साहेबांनी पॅड काढून परवानगी खरडली. बाईंनी ती सावकाश वाचली आणि परत दिली. कारण लिहायचं राहिलं होतं. साहेबांनी दातओठ खात कारण लिहिलं: तिसरा दिवा लाल असल्यास हजेरी जात नाही, हे मी स्वतः पाहिले. खाली सही, तारीख, वेळ.

काकांनी खिळा ठोकला. दिवा नारिंगी झाला, जरा लुकलुकला आणि हिरवा झाला. आधी साहेबांचा अंगठा गेला, मानाप्रमाणे. बाईंचा गेला तेव्हा बाराला तीन मिनिटं होती.

मग साहेबांना तो कागद परत हवा झाला. पण बाईंनी तो एव्हाना फाइलला लावला होता, आणि फाइलमधला कागद काढायचा तर सहाव्या पानाप्रमाणे तीन सह्या लागत होत्या.

पंधरा दिवसांनी अकराही गैरहजेऱ्या रद्द झाल्याचा आदेश आला. सोबत परिपत्रकाचं नववं पान होतं. अँटेना खिडकीत लावण्याची पद्धत साहेबांनी प्रत्यक्ष संशोधनातून शोधून काढली, असं त्यात म्हटलं होतं. तळाशी एक ओळ बाईंसाठी होती: पाचव्या दिव्याचा रंग अद्याप कळवलेला नाही, विलंबाचा खुलासा करावा.

बाईंनी खुलासा केला नाही. ‘हिरवा’ एवढं लिहून पाठवलं. ते लगेच गेलं.