टिटवीची पकड

जळगावच्या त्या कारखान्यात आधी शेतीचे पाइप निघायचे. लढाई लांबली तशी त्याच प्लास्टिकातून विमानं निघू लागली. पायलट नसलेलं, बॉम्ब टाकून आपलं आपण परत येणारं आणि फौजेला परवडणारं ते विमान, नाव टिटवी. स्वस्तात काम झालं म्हणून साहेब लोकांनी पेढे वाटले आणि तपासणी हितेंद्रच्या गळ्यात पडली.

काम तरी केवढं! बॉम्ब धरून ठेवणारी प्लास्टिकची पकड मे महिन्यातल्या पाच दुपारी उन्हात ठेवायची, ढिली पडते का ते वहीत लिहायचं. पण जळगावच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. हितेंद्रनं सकाळी आठला पकड पाहिली, टणक होती. मग पाचही दुपारच्या नोंदी त्यानं कूलरसमोर एका बैठकीत लिहून टाकल्या. मोठा शहाणा!

पुढे शिंदखेड्याच्या धावपट्टीवर एक टिटवी तीन तास उन्हात उभी राहिली. पकड मऊ पडली आणि बॉम्ब निसटला. फुटला नाही, पण खाली भटूचा उजवा हात होता. भटू सोनगीरचा, हितेंद्रच्याच गल्लीतला, बॉम्ब चढवायच्या कामावर होता. चौकशीत ठरलं, पकड त्यानंच नीट लावली नाही. त्याला कामावरून काढलं. बाकीच्या टिटव्या उन्हातच उभ्या राहिल्या.

आठ दिवस हितेंद्रला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी वही पिशवीत घालून तो धुळ्याच्या दवाखान्यात गेला.

"भाऊ, तुम्ही आम्हनाकडे ऊनात! या, बठा!" भटूची आई कुंदाबाई लगबगीनं उठली. तिनं स्टूल पदरानं पुसून त्याच्यापुढे सरकवलं. हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मनीच चूक, भाऊ," भटू म्हणाला. "पकड लायी व्हती का नही, दिनरात तेच आठवस. आते मना मनावरच भरोसा नही."

इतकं ऐकल्यावर गप्प बसणं हितेंद्रला जमेना.

"चूक तुनी नही रे, मनी शे. मी हाई वही उद्या साहेबसले देस. पहिले तू वाच."

भटूनं डाव्या हातानं वही मांडीवर घेतली.

"अठरा मे. दुपारी दोन. पकड टणक." त्यानं ते परत वाचलं. "अठरा मेले तर ताईनी हळद व्हती."

"हां."

"दोन वाजता तुम्ही आमना मांडवमा जेवाले बठेल व्हतात."

कुंदाबाईनं हितेंद्रसाठी भरलेला पाण्याचा पेला परत खाली ठेवला.

"बट्टी गरम व्हती. तुम्हना हात भाजी जाई म्हणीसन मी चुरी दिन्ही व्हती." भटूनं उजव्या बाजूचं, मनगटाशीच संपलेलं बँडेज वर उचललं. "हाऊच हात व्हता, भाऊ."