जोडाखालचे फुटवे

माहेरच्या कोयीतून वाढवलेला आंबा नवऱ्याने, महिपतरावांनी, गाडी ठेवायला तोडायचा घाट घातला, तेव्हा शिंदे की छावनीतल्या कुसुमताई मोबाइलवर बघून कलम बांधायला शिकल्या. त्याच आंब्याच्या बारा काड्या त्यांनी बारा रोपांवर बांधल्या, एकच जगली. आंबा मात्र तुटलाच.

"जोडाखालचे फुटवे खुडत राहा, नाहीतर वरचं कलम वाळेल," असं महिपतरावांना चारदा बजावून त्या महिनाभर लेकीकडे गेल्या.

परतल्या तर रोप हिरवंगार होतं, पण सगळी पालवी जोडाखालची. कलमाची काडी वाळून गेली होती.

"कोवळी पालवी खुडवेना गं," महिपतराव म्हणाले. "जीव असतो तिच्यात."

कुसुमताईंनी अंगणातल्या चकचकीत गाडीकडे पाहिलं.

"आंब्यावर आरी चालवलीत, तेव्हा कुठे जळली होती ही दया?"