झोपलेल्या माशांचा आकडा

माझा धाकटा भाऊ मासे कसे झोपतात ते बघतो. पगार घेऊन बघतो, म्हणून त्याला शास्त्रज्ञ म्हणायचं. त्याच्या टाक्यांच्या खोलीत भरदुपारीही निळसर अंधार असतो. मासे हळूहळू तळाशी येतात, जरा कलतात, कल्ले संथ होतात, आणि बघणाऱ्याच्याही पापण्या जड होतात. मी डबा द्यायला जाते आणि तिथेच रेंगाळते.

त्या खोलीवरच गदा आली. नवे संचालक म्हणाले, ज्याच्या संशोधनाची इंटरनेटवर चर्चा, त्यालाच जागा. कुणी शोधनिबंधाची लिंक देऊन काही लिहिलं, की त्या निबंधाचा आकडा वाढणार.

"मग टाक ना काहीतरी," मी म्हणाले. "तोंडाला कुलूप लावून बसलास तर कोण विचारणार तुला?"

त्याने झोपलेल्या माशांचा व्हिडिओ टाकला. काय सांगू! कुणी लिहिलं, आजारी आईला कितीतरी दिवसांनी झोप लागली. कुणी लिहिलं, रडणारं बाळ शांत झालं. व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर तरंगत राहिला. मला वाटायचं, सगळं शहर पाण्याखाली गेलंय आणि खिडक्याखिडक्यांत माणसं जराशी कलून झोपली आहेत. मी हवेतच होते.

आणि आकडा? तीन. त्यातली एक मी.

"व्हिडिओखाली निबंधाची लिंक कुठाय रे?"

"नाही दिली. आपणच आपली टिमकी काय वाजवायची, ताई?"

असा संताप आला! मग त्याने लिंक जोडली, पण तोवर लोकांनी व्हिडिओ उचलून आपापला म्हणून फिरवला होता. बैल गेला नि झोपा केला.

निकाल सांगायला संचालक स्वतः आले. मी तिथेच होते. टाकीसमोर येताच ते बोलायचे थांबले.

"हे... तेच मासे?"

"हो, सर."

"मी रोज यांच्याकडे बघत झोपतो."

"मग झालं तर!" मी आनंदाने ओरडलेच.

त्यांनी मान हलवली. "आकडा तीनच आहे हो. नियम सगळ्यांना सारखा. महिनाअखेर खोली रिकामी करा." दारापाशी ते वळले. "तो व्हिडिओ मात्र काढू नका हं."

मी तोंड सोडणार, तेवढ्यात भाऊ हळूच म्हणाला, "नाही काढणार, सर. तुम्ही निवांत झोपा."

तो टोमणा नव्हता. म्हणून तर मला रडू फुटलं.