बशीवरची काजळी

"पुन्हा आलं बघ," सरोजिनीबाईंनी ओलं फडकं मुलासमोर धरलं.

"आई, खातोय मी. लांब घे ते." प्रबोधने पोह्यांची बशी मागे ओढली.

"काल संध्याकाळी पुसली होती भिंत."

"खालचे चिनी लोक कागद जाळतात ना, त्याची राख. त्यांचा पितरांचा महिना चालू आहे. शी, घरभर घाण. म्हणून तर खिडकी बंद केली."

"आपणही पितरांना भात ठेवतोच की."

"आपला भात उडून कुणाच्या घरात जात नाही."

सिंगापुरात, यिशुनमधल्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे वाळवायचं चिंचोळं यार्ड होतं. त्याची खिडकी प्रबोधने प्लास्टिक लावून चारही बाजूंनी टेपने चिकटवून टाकली होती. खिडकीशेजारी गॅस गीझर. त्याच्या वरची भिंत काळी.

सरोजिनीबाईंनी फडक्यावरचं काळं बोटांत चोळलं. त्यांना शिसारी आली. कागदाची राख करडी असते, कोरडी असते, चिमटीत चुरते. हे तेलकट होतं, बोटांच्या रेषांत शिरत होतं. साताऱ्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी हेच घासून काढलं होतं. मुलं बर्नरची हवेची भोकं बंद ठेवायची. ज्योत पिवळी व्हायची आणि चंचुपात्रांची बुडं काळी.

आंघोळ करून आलेली शिवांगी सोफ्यावर आडवी झाली. "आजी, हेड पेन अगेन लाह."

"शाळेत दुखतं का गं?"

"नो. ओन्ली होम."

तिची आई अनुया नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होती. तिने मुलीचे डोळे तपासून आणले होते, टॅब काढून घेतला होता. दुखणं थांबलं नव्हतं. शनिवार-रविवारी तर दिवसभर असायचं. सरोजिनीबाईंचंही डोकं दोन आठवडे जड होतं. इथली हवा मानवत नसेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

त्यांनी यार्डात जाऊन नळ सोडला आणि गीझरच्या काचेतून आत पाहिलं. निळी, ताठ असायला हवी ती ज्योत पिवळी होती, लांब होती, आळसटल्यासारखी हलत होती.

त्यांनी गॅसचा कॉक फिरवला. "हा वापरायचा नाही आता. माणूस बोलव."

"मला आंघोळ करायचीय. गळत असता तर वास आला असता, आई."

"गळत नाहीये. खिडकी बंद, हवा मिळत नाही, म्हणून नीट जळत नाहीये. त्यातून जे निघतं त्याला वास नसतो. पोरीच्या अंगात जातंय ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"रोज बघायचे मी."

"तू भांडी घासायचीस तिथे," प्रबोध म्हणाला. आवाज त्याने अगदी मऊ ठेवला होता.

चांगी बिझनेस पार्कातल्या मित्रांना तो सांगायचा, आई केमिस्ट्री शिकवायची. दोनदा सरोजिनीबाईंच्यादेखत सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्या गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसण्याचीच आता त्यांना किळस वाटली.

"हो, घासायचे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगते."

त्यांनी शिवांगीला बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसवलं. घराचं दार उघडं ठेवलं. मग एक पांढरी बशी सांडशीत धरली, कॉक फिरवला आणि बशी गीझरच्या वरच्या जाळीवर धरून नळ सोडला. मिनिटभराने कॉक बंद केला.

"आज सकाळपासून खाली कुणी काही जाळलेलं नाही," असं म्हणत त्यांनी बशी टेबलावर, पोह्यांशेजारी ठेवली.

मधोमध काळा डाग होता. प्रबोधने त्यावर बोट फिरवलं. बेसिनवर जाऊन साबण लावला. पुन्हा लावला. मग ओल्या हातानेच फोन उचलला.

तासाभराने गीझर दुरुस्तीचा माणूस आला. त्याने गीझरचं झाकण उघडून यंत्राने विषारी वायू मोजला आणि आकडा नुसताच प्रबोधला दाखवला. मग खिडकीवरच्या टेपकडे पाहिलं, दारातून दिसणाऱ्या मुलीकडे पाहिलं, आणि गॅसच्या नळीला सील लावलं.

"दिस वन कॅनॉट यूज ऑलरेडी. चाइल्ड मस्ट सी डॉक्टर, टुडे. हू फाउंड आउट?"

"माय मदर," प्रबोध म्हणाला. "शी वॉज केमिस्ट्री..." तो अडखळला.

"लॅब अटेंडंट," सरोजिनीबाई म्हणाल्या. "थर्टी-वन इयर्स."

माणसाने मान डोलावली आणि तेच आपल्या कागदावर लिहून घेतलं.

प्रबोध शिवांगीला घेऊन डॉक्टरकडे गेला. सरोजिनीबाईंनी स्टूल ओढलं, टेप एका टोकापासून सोलत आणली, प्लास्टिक काढलं, खिडकी उघडली. खाली एक म्हातारा पत्र्याच्या डब्यात एकेक कागद सोडत होता. वाऱ्यावर एक करडा तुकडा वर आला, आत शिरला आणि त्यांच्या तळहातावर बसला. त्यांनी फुंकर मारली. तो उडाला. हात होता तसाच राहिला, बोटांच्या रेषा तेवढ्या काळ्या.